मापुतोचा कागद आणि लातूरची तूर

लातूरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "भारत-आफ्रिका परिषदांमध्ये अब्जावधी डॉलरची आश्वासनं जाहीर होतात, फोटो निघतात, संयुक्त निवेदन येतं. पुढं त्याचं काय होतं? पाठपुरावा नेमका कोण करतं? आणि आपल्या मराठवाड्याचा त्याच्याशी काय संबंध?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. मोंढ्यात जा आणि एखाद्या दालमिलवाल्याला विचारा, बाहेरची कोणती तूर चालू आहे. तो लेमन, गजरी, अरुषा, मटवारा अशी नावं घेईल. लेमन ब्रह्मदेशाची. गजरी मुख्यतः मोझांबिकची. अरुषा आणि मटवारा ही टांझानियातल्या शहरांची नावं, त्यातलं मटवारा समुद्रकाठचं बंदर. आपल्या हमालांना ही नावं तोंडपाठ आहेत, ती गावं नकाशावर कुठं आहेत हे मात्र आपल्या कॉलेजातही फार कुणाला सांगता येणार नाही. या तुरीचा भाव ठरण्यात परिषदेतल्या कागदाचा हात असतो. तो कसा, हे पुढं सविस्तर सांगतो, कारण या उत्तराचा गाभा तोच आहे.

मी उदगीर तालुक्यातला. नोकरीची बहुतेक वर्षं भारताच्या कर्जातून परदेशात उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांच्या पाठपुराव्यात गेली, त्यातली बरीच पूर्व आफ्रिकेत. मी तिकडं काय करतो हे घरी कुणाला नीट समजावता आलं नाही. आई शेजारच्या बायकांना सांगायची, "त्यो तिकडं कागदं हुडकतोय." माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

आता मोठे आकडे. पहिली भारत-आफ्रिका मंच परिषद एप्रिल २००८ मध्ये दिल्लीत झाली. आफ्रिकी संघाने गांबियाच्या राजधानीत, बांजुल इथे ठरवलेल्या सूत्रानुसार निवडक देशच आले, चौदा. भारताने पाच वर्षांसाठी ५.४ अब्ज डॉलरचं सवलतीचं कर्ज जाहीर केलं. दुसरी मे २०११ मध्ये इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला झाली, तिथे ५ अब्ज डॉलर कर्ज आणि संस्था व प्रशिक्षणासाठी ७० कोटी डॉलर. तिसरी ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा दिल्लीत. या वेळी सगळ्या ५४ देशांना बोलावणं होतं आणि ४१ देशांचे राष्ट्रप्रमुख वा पंतप्रधान स्वतः आले. पाच वर्षांत १० अब्ज डॉलर कर्ज, ६० कोटी डॉलर अनुदान, ५०,००० शिष्यवृत्त्या. चौथी परिषद २०२० मध्ये व्हायची होती; कोविड आला आणि ती लांबली.

हे आकडे वाचताना एक गैरसमज हमखास होतो. लोकांना वाटतं, दहा अब्ज डॉलर जाहीर झाले म्हणजे दिल्लीने तिकडं पैसे पाठवले. असं काही होत नाही. जाहीर होते ती कर्जाची मर्यादा. आमच्या बोलण्यात तिला एलओसी म्हणतात, म्हणजे लाइन ऑफ क्रेडिट. (काश्मीरच्या ताबारेषेचंही हेच लघुरूप असल्यामुळे सुट्टीत गावी आलो की माझी नोकरी फार शौर्याची वाटायची. मीही लवकर खुलासा करत नसे.)

तुमच्या आजोबांना विचारा, जिल्हा बँकेच्या पीककर्जात पूर्वी एक भाग रोख मिळायचा आणि एक भाग सोसायटीतून खताच्या पोत्यांत. भारताचं हे कर्ज जवळजवळ सगळंच खताच्या पोत्यांसारखं आहे. पैसा एक्झिम बँकेतून, म्हणजे सरकारच्या आयात-निर्यात बँकेतून, थेट भारतीय पुरवठादाराला जातो. कर्जदार देशाला यंत्रं, तारा, पंप, बांधकाम मिळतं. २०१५ च्या नियमांप्रमाणे किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात. सगळ्यात गरीब देशांना व्याज दीड टक्का, फेडीची मुदत २५ वर्षं, त्यातली पहिली पाच मुद्दलाविना. अटी वाईट नाहीत. अडचण व्याजात कधीच नव्हती.

अडचण वाटेत होती. प्रकल्पाची मागणी त्या देशाने करायची. सोबत प्रकल्प अहवाल जोडायचा. तो आपल्या वकिलातीमार्फत परराष्ट्र मंत्रालयात येतो, तिथून अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात. मंजुरी मिळाली की एक्झिम बँक आणि ते सरकार यांच्यात करार. मग त्या देशाच्या महाधिवक्त्याने, कुठे संसदेनेही, कराराला कायदेशीर मान्यता द्यायची. ती आली की कर्ज 'लागू' होतं. त्यानंतर निविदा, कंत्राट, आणि कंत्राटालाही बँकेची मंजुरी. पहिला ट्रान्सफॉर्मर मुंबईत जहाजावर चढेपर्यंत परिषदेतला फोटो पिवळा पडायला लागलेला असतो. पहिल्या परिषदेचंच बघा: ती झाली एप्रिल २००८ मध्ये, तिचा संयुक्त कृती आराखडा जाहीर झाला मार्च २०१० मध्ये. म्हणजे काय करायचं हे लिहून काढायलाच दोन वर्षं.

आईने सांगितलेलं हुडकणं इथलं. एका देशात वीजवाहिनीचा करार सह्या होऊन पडला होता, लागू होत नव्हता. त्यांचं अर्थ मंत्रालय म्हणे, कागद विधी खात्याकडे आहे. विधी खातं म्हणे, आमच्याकडे आलाच नाही. मधल्या काळात मंत्री बदलले, मंत्र्यांबरोबर सचिव बदलले. शेवटी फाइल सापडली ती तिसऱ्याच खात्यात, एका बाईंच्या कपाटात. त्यांना कुणीतरी 'अभिप्रायासाठी' म्हणून दिली होती आणि अभिप्राय कशावर हवा हे सांगितलंच नव्हतं. बाई सज्जन होत्या. कुणी विचारेल म्हणून त्यांनी ती आठ महिने जपून ठेवली होती. कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या एका प्रकल्पात यंत्रं बंदरावर पोचली, पण प्रकल्पाच्या मालाला आयातकर माफ असल्याचं पत्र त्यांच्या महसूल खात्याने काढलंच नव्हतं. करारात माफी होती. सीमाशुल्काच्या अधिकाऱ्याला करार ठाऊक नव्हता, आणि त्याने तो ओळखावा तरी कसा? रोज बंदरभाडं चढत होतं. ते कुणी भरायचं यावर जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या मूळ प्रकल्पावर झाल्या नसतील.

ही कथा मी नेहमी त्या लोकांच्या नावे सांगत असे. निवृत्त झाल्यावर प्रामाणिकपणे मोजलं तर निम्मा उशीर आपल्या बाजूचा निघतो. कंत्राट घेणाऱ्याने कमी भावाने काम उचलायचं आणि मग हात आखडायचा, हे आपल्याकडे रस्त्याच्या कामात होतं तसंच तिकडंही.

इथिओपियाचं उदाहरण मराठवाड्याला चटकन कळेल. तिथल्या साखर कारखान्यांसाठी भारताने ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं: फिंचा, वोंजी-शोआ आणि तेंडाहो. त्यातलं तेंडाहो अफार भागात, अवाश नदीच्या काठी. धरण, कालवे, ऊस, कारखाना, सगळं नव्याने. ऊस वाढला, कारखाना मात्र वर्षानुवर्षं रखडत गेला. शिवारात ऊस उभा आहे, तुरे आलेत आणि गाळप सुरू होत नाही, या वाक्यात काय दुःख आहे हे बीड, लातूर, परभणीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. अदिस अबाबातल्या बैठकीत बसलेल्या माणसाला ते सांगावं लागतं, आणि 'विलंब' या एका शब्दाने ते पोचत नाही. याउलट रवांडात न्याबारोंगो नदीवरचं २८ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र भारतीय कर्जातून उभं राहिलं आणि वीज देऊ लागलं. रवांडाचं सरकार पाठपुराव्याला चिवट आहे. ते आम्हाला बोलावून उभं करत, आम्ही त्यांना नाही.

इथून एक निष्कर्ष मी काढला आणि त्यावर ठाम आहे: पाठपुरावा घेणाऱ्याकडून सुरू झाला तरच टिकतो. देणाऱ्याला उद्‌घाटनात रस असतो, घेणाऱ्याला वीज हवी असते.

संस्थांच्या आश्वासनांचं हेच झालं. पहिल्या दोन परिषदांत भारताने आफ्रिकेत अनेक प्रशिक्षण संस्था काढायचं मान्य केलं. परकीय व्यापाराची, माहिती तंत्रज्ञानाची, शिक्षण नियोजनाची, अगदी हिऱ्यांना पैलू पाडण्याचीसुद्धा. कोणती संस्था कुठल्या देशात हे आफ्रिकी संघाने ठरवायचं होतं. परकीय व्यापार युगांडाला, आयटी घानाला, शिक्षण नियोजन बुरुंडीला, हिरे बोट्स्वानाला. वाटप राजकीय तोल सांभाळून झालं. पण जागा, इमारत आणि चालवायचा खर्च यजमान देशाने करायचा होता, आणि ज्या खात्याने तो करायचा ते खातं वाटपाच्या बैठकीत नव्हतंच. बऱ्याच संस्था कागदावर रेंगाळल्या. आपल्याकडे गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर होतं, पाटी लागते आणि एएनएमची, म्हणजे परिचारिकेची, जागा भरायची राहते. तोच प्रकार.

त्यामानाने नीट पार पडलेलं एक काम म्हणजे पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क. कल्पना राष्ट्रपती अब्दुल कलामांनी २००४ मध्ये जोहान्सबर्गला पॅन-आफ्रिकन संसदेत मांडली. २००९ मध्ये ते सुरू झालं आणि पुढे ४८ देश त्यात आले. उपग्रहाने आणि तारेने तिथली विद्यापीठं आणि रुग्णालयं भारतातल्या विद्यापीठांशी, रुग्णालयांशी जोडली. ते चाललं कारण काम एकाच कंपनीकडे होतं, टीसीआयएल या सरकारी दूरसंचार कंपनीकडे, आणि काही वर्षं चालवायचा, दुरुस्तीचा खर्च मूळ रकमेतच धरलेला होता. २०१७ मध्ये मुदत संपली आणि ते हस्तांतरित झालं. त्याच्या जागी ई-विद्याभारती आणि ई-आरोग्यभारती यायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळाचा विचार मूळ कागदात कुणी केला नव्हता.

आता तुरीकडे येतो.

२०१५ आठवा. पावसाने दगा दिला, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्याच वर्षी ७ जुलैला पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला गेले आणि मोझांबिकशी डाळींचा दीर्घ मुदतीचा करार झाला. एक लाख टनांवरून वर्षाला दोन लाख टनांवर न्यायचं, आणि कसं न्यायचं हेही लिहिलेलं: २०१६-१७ मध्ये १ लाख, पुढे १.२५, १.५, १.७५ आणि २०२०-२१ मध्ये २ लाख टन. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकं स्वच्छ लिहिलेलं आश्वासन फार कमी पाहिलं. आकडा आहे, वर्ष आहे, माल कोणता हे आहे. परिषदेच्या निवेदनातली 'सहकार्य दृढ करण्याचा निर्धार' छापाची वाक्यं याच्यापुढे भुशासारखी.

हा भाग घडत असताना मी तिकडंच होतो, म्हणून थोडं रेंगाळतो. मोझांबिकच्या मध्य आणि उत्तर भागात, झांबेझिया आणि नांपुला प्रांतांत, लहान शेतकरी मक्यात तूर घालतात. तिला फेजाओ बोएर म्हणतात. घरच्या जेवणात तिला फारसं स्थान नाही. पिकते ती विकायला, आणि विकायची ती जवळजवळ सगळी भारताला. मलावीत तिलाच नांदोलो म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उगाच नांदेडचा विषय काढला आणि समोरचा माणूस गोंधळला. त्यांचं पीक आपल्या थंडीआधी निघतं, म्हणजे आपली तूर मोंढ्यात येण्याच्या आधीचे जे टंचाईचे महिने, तेव्हा ते जहाजात असतं. दोन्ही बाजूंना सोयीचं, कागदावर.

मापुतोत सही झाली आणि इकडे पाऊस लागला. २०१५ चा भाव डोळ्यांपुढे ठेवून मराठवाड्याने तूर पेरली, विदर्भाने पेरली, कर्नाटकाने पेरली. २०१६-१७ मध्ये देशात तूर विक्रमी पिकली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता; मोंढ्यात सौदे चार हजारांच्या आसपास निघायला लागले. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा, आणि मोजायला बारदाना नाही. माझा पुतण्या एका केंद्रावर सहा दिवस ट्रॅक्टरखाली झोपला. सातव्या दिवशी त्याने मला फोन केला. मी तेव्हा मापुतोत होतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही तिकडून तूर पाठवताय व्हय?"

मी पाठवत नव्हतो. पण 'नाही' एवढंच म्हणून फोन ठेवता येईल इतका माझा त्या कागदांशी संबंध तुटकही नव्हता.

५ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. त्या अधिसूचनेत एक अपवाद होता: सरकारने द्विपक्षीय करारांत दिलेल्या शब्दाला ही मर्यादा लागू नाही. मोझांबिकचा सव्वा लाख टनांचा हिस्सा त्यामुळे शाबूत राहिला. राजनयाच्या वर्गात याला पाठपुराव्याचा आदर्श म्हणतील. अडचणीच्या वर्षीही शब्द पाळला. मला विचाराल तर तो पाळायलाच हवा होता. कारण एकदा मोडला की पुढच्या टंचाईत तिकडचं कुणी आपल्यासाठी पेरणार नाही.

पण त्याच मोसमात झांबेझियातही शेतकरी डोक्याला हात लावून बसला होता. 'भारत घेणार' एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं होतं, 'सव्वा लाख टनच घेणार' हे पोचलं नव्हतं. त्याने जास्त पेरली. आपल्या मर्यादेची बातमी आली आणि तिथे भाव कोसळला. करार पाळला गेला, आणि तरीही करारामुळे पेरणी केलेला माणूस इकडेही बुडाला आणि तिकडेही. उदगीरचा पुतण्या आणि झांबेझियातल्या मोकुबाचा शेतकरी एकमेकांना शत्रू समजत असतील. दोघांचं दुखणं एकाच कलमाच्या अभावातलं होतं. भाव पडला तर काय, हे त्या कागदात कुणी लिहिलं नव्हतं. टंचाईत करार केला की सगळ्यांना टंचाईच कायमची वाटते.

पुढचा भागही गमतीचा आहे. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली, सप्टेंबरमध्ये मोझांबिकचा वर्षाला २ लाख टनांचा करार आणखी पाच वर्षांसाठी, २०२५-२६ पर्यंत वाढला, मलावीशी ५०,००० टनांचा नवा झाला. मग २०२३ मध्ये आपल्याकडे तूर दहा हजारांच्या पुढं गेली, आणि नेमकी तेव्हाच मोझांबिकच्या बंदरांत तूर अडकली. तिथल्या व्यापारी कंपन्यांचा आपसातला कोर्टकज्जा, त्यात निर्यातीचे कागद अडले. सरकार सरकारला शब्द देतं, पण पोतं खासगी व्यापाऱ्याचं असतं. आपल्या उच्चायुक्तालयाला आठवडेच्या आठवडे तोच विषय धरून बसावं लागलं. हे काम वर्तमानपत्रात चार ओळींत येतं. माझ्या लेखी तेच खरं राजनय.

तर पाठपुरावा कोण करतं? औपचारिक उत्तर असं की २०१५ च्या दिल्ली परिषदेत आढाव्याची यंत्रणा ठरली, परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीसाठी वेगळा विभाग आहे, संयुक्त आयोगांच्या बैठका होतात. खरं उत्तर असं की वकिलातीतला एक द्वितीय सचिव, एक्झिम बँकेतला एक अधिकारी आणि तिकडच्या मंत्रालयातला एखादा संचालक, हे तिघं एकमेकांना ओळखत असतील तर काम पुढं सरकतं. तिघांपैकी एकाची बदली झाली की सहा महिने गेले. माझ्या वहीत प्रत्येक आश्वासनापुढे मी रकमेऐवजी माणसाचं नाव लिहीत असे. नाव नसेल तर ते आश्वासन मी मनातल्या मनात रद्द समजायचो. फारसा चुकलो नाही.

तुम्हाला लातुरात बसून हे तपासायचं असेल तर साधनं आहेत. एक्झिम बँक आपल्या चालू कर्जांची यादी देशवार प्रसिद्ध करते. अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या मागण्यांत आफ्रिकी देशांसाठीची तरतूद दिसते. गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज शेजारी ठेवा, जाहीर किती आणि खर्च किती ते लगेच कळतं. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे अहवाल कंटाळवाणे दिसतात, पण समितीने तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं विचारलेले असतात, ते वाचा. आयातीच्या अधिसूचना डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या. तुमच्या अभ्यासाला अजून एक जागा सुचवतो: संभाजीनगरच्या विद्यापीठात आफ्रिकी देशांतली मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतात. ५०,००० शिष्यवृत्त्यांचा आकडा प्रत्यक्षात वसतिगृहाची खोली, परदेशी नागरिक म्हणून करायची नोंदणी आणि दर महिन्याचा भत्ता या तीन गोष्टींत उतरतो. त्यांच्याशी तासभर बोललात तर माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त कळेल.

आणि खासदारांचा उपयोग करा. आपल्या भागातल्या खासदाराला आफ्रिकेबद्दल प्रश्न विचारायला सांगितलं तर तो आधी हसेल. तुरीबद्दल म्हणा, मग ऐकेल. अतारांकित प्रश्न पुरतो, लेखी उत्तर येतं. मजकूर असा ठेवा: "२०२१ च्या सामंजस्य करारांनुसार मोझांबिक व मलावीहून आलेली तूर वर्षवार किती, ती कोणत्या महिन्यांत बंदरावर उतरली, त्या महिन्यांत लातूर, उदगीर व जालना बाजार समित्यांतील सरासरी दर हमीभावाच्या वर होता की खाली, आणि २०२५-२६ नंतरच्या करारात दर हमीभावाखाली गेल्यास खरेदी पुढे ढकलण्याची तरतूद ठेवण्याचा विचार आहे काय, असल्यास तपशील, नसल्यास कारणे."

'नसल्यास कारणे' हे शब्द गाळू नका. ते गाळले की उत्तर 'नाही' एवढंच येतं.